गाव सोडताना कुणाला विचारायचं?

मार्चपासून आमच्या घरात एकच विषय चाललाय. फुरसुंगीला जायचं की रेणापुरातच राहायचं? बायको नर्स आहे. हडपसरच्या एका दवाखान्यात तिला काम मिळतंय, पगार इथल्यापेक्षा दुपटीच्या वर. मेहुणा सहा वर्षांपासून फुरसुंगीत राहतो. त्याच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके भाड्यानं मिळतोय, पुढं जमलं तर विकतही घेता येईल म्हणतो. मी तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. झेरॉक्सचं मशीन कुठंही चालतं असं मेहुण्याचं म्हणणं. त्याचं काही खोटं नाही.

हा घरगुती प्रश्न तुमच्यापुढं कशाला मांडतो? तो आता घरगुती राहिला नाही म्हणून. वस्तीत बातमी फुटली तेव्हापासून मला दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतं, ‘बाबासाहेबांनीच सांगितलंय, गाव सोडा, शहरात जा. तू अजून हितं कामून बसलास?’ दुसरं म्हणतं, ‘शिकली ती समदी निघाली. आता जयंतीची वर्गणी तेवढी पाठवत जावा, म्हंजे झालं.’ दोघंही बाबासाहेबांच्याच नावानं बोलतात. आणि दोघांचंही ऐकताना मला वाटतं, याला उत्तर आधीच माहीत आहे, याला प्रश्न काही पडलेलाच नाही.

म्हणून मी पुस्तकं काढली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचं जे वाभाडं काढलं ते आपल्या पोरांना पाठ आहे. खेडं हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला याचं त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. आपण तेवढंच घेतो आणि बॅग भरतो. पण त्याच्या आधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत काय मागितलं होतं? अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर सगळा आराखडाच आहे. सरकारनं वसाहत आयोग नेमावा, पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्यावी, आयोगाला हे काम करता यावं म्हणून दरसाल पाच कोटी रुपये बाजूला काढावेत आणि अनुसूचित जातींची स्वतंत्र गावं उभी करावीत. म्हणजे गाव सोडायचं ते सगळ्यांनी मिळून, जमिनीसकट, सरकारच्या खर्चानं. एक शिकलेलं कुटुंब टेम्पोत फ्रीज घालून निघालंय आणि मागं म्हाताऱ्या दारात उभ्या आहेत, असलं चित्र त्या आराखड्यात नाही.

तो आयोग कधी आलाच नाही. त्याच्या जागी काय आलं? गृहकर्जाचा हप्ता. जे वस्तीनं सरकारकडून मागायचं होतं ते आता एकेकट्यानं बँकेकडं मागायचं, आणि मंजूर झालं की त्यालाच मुक्ती म्हणायचं.

इथं मी अडखळतो, ते लपवत नाही. कुणीही मला विचारेल, अरे, व्यक्ती हा घटक बाबासाहेबांनीच मानला ना? मग व्यक्तीनं जायला वस्तीची परवानगी कशाला? गावानं आपल्याला शेकडो वर्षं बांधून ठेवलं, आता वस्तीनंही बांधायचं का? हा सवाल बिनतोड आहे. मी त्यावर पुष्कळ डोकं खाजवलं. मला एवढंच उमगलं की हक्क मागताना घटक व्यक्ती असते, पण बहिष्कार टाकताना समोरचा वस्ती हाच घटक धरतो. पाणी तोडलं तर एका घराचं तोडत नाहीत. म्हणून जाणारा एकटा जातो, तरी त्याच्या जाण्याचा परिणाम एकट्यावर होत नाही. परवानगी नको. पण परिणाम ज्यांच्यावर होणार त्यांना विचारायला काय हरकत आहे?

दुसरा एक दाखला मेहुण्यानं फोनवर दिला. म्हणाला, ‘दाजी, बाबासाहेबसुद्धा परळच्या चाळीतून दादरला गेले की.’ गेले. परळच्या बीआयटी चाळीत ते १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले आणि मग हिंदू कॉलनीतल्या राजगृहात आले. दादर-माटुंगा म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं आखून वसवलेली वस्ती, त्या काळचं वाढतं उपनगरच ते. चाळीच्या दोन खोल्यांत पुस्तकं मावेनात. माणसाला वाचायला, लिहायला जागा लागते, आणि ती मागण्यात लाज कसली? पण ७ डिसेंबर १९५६ ला त्याच राजगृहातून अंत्ययात्रा निघाली तेव्हा मुंबईत जो जनसागर लोटला तो कॉलनीतल्या शेजाऱ्यांचा नव्हता. चाळीतली, गिरणीतली, झोपडीतली माणसं होती ती. पत्ता बदलला तरी त्या माणसांना त्या घराचं दार कुठं आहे ते माहीत होतं. आमच्या बिल्डिंगला खाली वॉचमन आहे, तो रजिस्टरात नाव लिहून घेतो आणि वर फोन करतो. माझी माय धोतरवाल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन आली तर तो त्यांना बसायला सांगेल का, हे मी मेहुण्याला विचारलं. तो हसला. (आणि मी काही पन्नास हजार पुस्तकं घेऊन चाललेलो नाही. माझ्याकडं दोन ट्रंका आहेत. म्हणून राजगृहाचा दाखला मी माझ्यासाठी वापरणार नाही, तुम्हीही जरा जपून वापरा.)

मे महिन्यात आम्ही जागा बघायला गेलो. रात्रीच्या लातूर–मुंबई गाडीनं, पहाटे पुण्यात. मेहुणा स्टेशनवर न्यायला आला होता. फुरसुंगी म्हणजे एका बाजूला आयटी पार्क, एका बाजूला ऊस, मधी अर्धवट उभ्या बिल्डिंगा. २०१७ साली हे गाव पुणे महापालिकेत घेतलं आणि २०२४ साली पुन्हा बाहेर काढून उरुळी देवाचीबरोबर वेगळी नगरपरिषद केली. आत घेतलं तेव्हाही पाणी नव्हतं, बाहेर काढलं तेव्हाही नाही. सकाळी सहाला आम्ही टँकरच्या आवाजानं उठलो. बायको माझ्याकडं बघून हसायला लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही रेणापुरात घागरी घेऊन रांगेत होतो. पाण्यामागं पळायची सवय आहेच, म्हणाली, इथं नुसतं पैसे देऊन पळायचं.

गॅलरीतून एका बाजूला दिवे घाटाकडचे डोंगर दिसतात. दुसऱ्या बाजूला आणखी एक डोंगर दिसतो, तो कचऱ्याचा. पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षं उरुळी–फुरसुंगीच्या डेपोत येऊन पडला. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गावाच्या कडेला घाण टाकायची आणि त्या कडेला जे असतील त्यांनी वास सोसायचा, ही पद्धत आपल्याला नवी नाही. नवीन एवढंच की इथं त्या कडेला लिफ्ट आहे.

आणि तो कचरा वेचतं कोण? १९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून जी माणसं पुण्याच्या झोपडपट्ट्यांत गेली त्यांच्यातल्या, आपल्या जातीजमातीतल्या कितीतरी बाया कचरा वेचायला लागल्या. १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, ओळखपत्रं मिळवली, आमचं काम म्हणजे मजुरी आहे असं महापालिकेला ठणकावलं. म्हणजे आपण फुरसुंगीला जाणारे पहिले नाही. पन्नास वर्षांपूर्वी आपली माय-मावशी तिथं पोचली आहे. फरक असा की तिनं तिथं जाऊन संघटना केली. आम्ही तिथं जाऊन काय करतो ते सांगतो.

मेहुण्याच्या हॉलमध्ये टीव्ही आहे, काचेचं कपाट आहे, डोंगर-सूर्याचं एक मोठं चित्र आहे. बाबासाहेब आतल्या खोलीत आहेत. बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये आहे, पण ती सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, शोभेची. रात्री मी विचारलं. तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, ‘दाजी, हॉलमधी लावला की चार प्रश्न येतात. पोरगी खाली खेळायला जाती. तिला कुणी काय बोललेलं मला ऐकायचं नाही.’ 

मला बोलायला तोंड होतं, पण मी बोललो नाही. ‘दलित ब्राह्मण’ हा शब्द आपल्या चळवळीत जुना आहे आणि आपण तो दगडासारखा फेकतो. पण हा माणूस सोळा वर्षांचा असताना नामांतराच्या मोर्चात लाठी खाऊन आलेला आहे. त्याच्या पाठीवरचा वळ मी पाहिलाय. मोर्चात लाठी खाणं एक आणि पोरीनं खेळ सोडून रडत वर येणं दुसरं. दुसरं जास्त अवघड असावं.

दलालानं फ्लॅट दाखवला, भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं. मग म्हणाला, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ सांगितलं. त्यानं आडनाव पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. ‘आपल्याला तसं काही नाही हो, मालक विचारतात.’ दुसऱ्या दिवशी मालकाचा भाचा येणार असल्याचं कळलं. तिसरा फ्लॅट मिळाला तो मेहुण्याच्या ओळखीनं. हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात असाच भाड्यानं घर मागायचा अभ्यास करून २०१५ साली छापला. सवर्णाच्या नावाला होकार, दलिताच्या नावाला नकार किंवा वाढीव अटी. म्हणजे वेस पाडलेली नाही, ती दलालाच्या मोबाईलमध्ये ठेवलेली आहे.

मित्रांनो, उपनगराचं एवढं सांगितलं म्हणून गाव चांगलं ठरत नाही. गावाच्या बाजूनं बोलायला माझी जीभ उचलत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. बाप सांगायचा, आजोळच्या गावात त्या रात्री माणसं उभ्या पिकात बसून होती, लेकरांच्या तोंडावर हात ठेवून. त्यातली कित्येक घरं पुन्हा परतली नाहीत, परभणीला, औरंगाबादला, मुंबईला गेली. त्यांना कुणी ‘पळपुटे’ म्हणेल का? १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर त्यांची लेकरं शहरात दहावी झाली होती. आणि शहरात गेलं म्हणजे सुटलं असंही नाही, मुंबईचं उपनगर घाटकोपर, तिथल्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. 

तेव्हा कुठं राहिलं म्हणजे माणूस चांगला, असा हिशेब मला मांडता येत नाही. मला फक्त माझी कारणं तपासायची होती.

पहिलं कारण मी सगळ्यांना सांगत होतो ते पोरीच्या शिक्षणाचं. ते पहिल्याच फटक्यात गळालं. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं शिकायला लातूरच्या ट्युशन एरियात येऊन खोल्या करतात आणि आम्ही पिंपळफाट्यावरून अर्ध्या-पाऊण तासात तिथं पोचतो. शिक्षणासाठी पुणे, हे लोकांना सांगायला बरं वाटतं म्हणून सांगत होतो.

राहण्याचं कारण मात्र मला पवित्र वाटत होतं. मी त्याला बांधिलकी म्हणत होतो. वस्तीतल्या जातीच्या दाखल्यापासून घरकुलापर्यंत सगळे फॉर्म मी भरतो. अर्धे फुकट. ६ डिसेंबरला पानगावच्या चैत्य स्मारकात बाबासाहेबांच्या अस्थींच्या दर्शनाला रीघ लागते, तिथं आमच्या पोरांचं पुस्तकांचं टेबल असतं, ते मी लावतो. विहारातली अभ्यासिका मी काढली. मी गेलो तर हे सगळं बसेल, असं मी एका रात्री बायकोला म्हणालो. ती डबे घासत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘तुमाला हितं समदे भाऊ भाऊ म्हणतात. तिथं तुमी निस्ते माझे नवरे ऱ्हाल. त्येचंच दुखणं हाय ते.’

त्यावर मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. कारण त्यात तथ्य होतं. सोळा वर्षं ती रात्रपाळ्या करते, दीड-दीड तास बसची वाट बघते, आणि माझ्या बांधिलकीचा खर्च तिच्या पगारातून निघतो. चळवळीतल्या किती जणांच्या घरी हा हिशेब असाच आहे, जरा आपापल्या घरी विचारा. आपण गड्यांनी ‘समाजासाठी’ म्हणायचं आणि घर बाईनं ओढायचं. बाबासाहेबांचं नाव घेऊन हे चालतं, हे अधिक वाईट.

मग मी ठरवलं की स्वतःच्या मनाला विचारणं बंद. मन आपल्याच बाजूची साक्ष देतं. ज्यांच्यासाठी मी थांबलोय म्हणतो त्यांनाच जाऊन विचारायचं.

अभ्यासिकेतल्या पोरांना विचारलं. ती म्हणाली, किल्ली कुणाकडं ठेवणार? बस्स. एवढंच. मी भाषण ऐकायच्या तयारीनं गेलो होतो.

मायला विचारलं. म्हणाली, ‘मी काय यायची न्हाई. पर तुज्या बायकोला जाऊ दे. म्या बी एक डाव मुंबईला जाते म्हणाले व्हते बहात्तराला, तुज्या बापानं जाऊ दिलं न्हाई.’ हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

शेवटी नानाकडं गेलो. नाना माझा चुलता, गायरानातल्या अकरा घरांतला सगळ्यात म्हातारा. इथं जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण खरी गाठ इथं आहे. ही अकरा घरं बापाच्या पिढीपासून गायरान कसतात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. पण ते पुरावा असेल तर. पुरावा म्हणजे गाव नमुना एक-ई, अतिक्रमणाची नोंदवही, आणि दंडाच्या पावत्या. गंमत बघा, सरकारनं ज्याला दंड केला त्याच्याकडं हक्काचा कागद, आणि ज्याच्यावर तलाठ्यानं दया करून दंड लावला नाही तो उघड्यावर. २०११ साली सुप्रीम कोर्टानं गायरानं मोकळी करा म्हणून सांगितलं, तरी भूमिहीन आणि अनुसूचित जातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यातच ठेवला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात विषय निघाला आणि राज्यभर नोटिसा सुटल्या. नोटीस आली तेव्हा अपवाद कुणी वाचत नाही. आमच्या अकरा घरांनी जे उत्तर दिलं ते मी लिहिलं. ती फाइल माझ्याकडं आहे. पाच इंच जाड. माझ्याशिवाय तिच्यातलं कुणाला कळत नाही, आणि याचा मला, आता सांगायला हरकत नाही, अभिमान होता.

नाना बाजेवर बसून तंबाखू मळत होता. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘जा की. तुज्यावाचून रान वाळतंय व्हय? फाइल तेवढी नेऊ नको.’

‘फाइल ठेवून काय करणार नाना? कुणाला वाचता येती?’

‘मंग ते तू इतक्या वर्सात कामून शिकविलं न्हाईस कुणाला?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. मी लोकांची कामं करून देत होतो आणि त्यांना माझ्याच दारात उभं ठेवत होतो. पाटलाच्या दारात उभं राहणं वाईट आणि भावाच्या दारात उभं राहणं चांगलं, असं मी धरून चाललो होतो.

जूनच्या पंधरा तारखेला बायको आणि पोरगी फुरसुंगीला गेल्या. मी दर दुसऱ्या शनिवारी जातो. बायकोनं जाताना सांगितलं, ‘तुमची फाइल कधी सरायची न्हाई, मला म्हाईत हाय. दिवाळीपस्तोर वाट बघीन.’ हॉलमध्ये फोटो कुठला लावायचा ते तिनं मला विचारलं नाही. पहिल्या शनिवारी गेलो तर दार उघडल्या-उघडल्या समोर बाबासाहेब. खालच्या मजल्यावरच्या एका बाईनं आल्या-आल्या विचारलं म्हणे, ‘तुम्ही ते का?’ बायको ‘हो’ म्हणाली आणि तिचं बीपी तपासून दिलं. ती बाई तेव्हापासून आली नाही. मेहुण्याच्या घरातला फोटो अजून आतच आहे, त्यावर आम्ही बोलत नाही.

इकडं मी नानाच्या नातीला रोज संध्याकाळी दुकानात बसवतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अक्षर चांगलं आहे, माझ्याशी भांडते. सातबारा कसा वाचायचा, फेरफार म्हणजे काय, एक-ई मध्ये कुठला रकाना महत्त्वाचा, अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे सगळं पहिल्यापासून. मागच्या आठवड्यात ती दंडाच्या पावत्या उन्हात धरून बघत होती. अकरातल्या एका घराची पावती मी फाइलच्या अगदी मागं घातली होती. साल एक्याण्णव, म्हणजे मुदतीच्या बाहेर, म्हणजे ते घर पडतं. ते घर एका विधवेचं आहे. तिला मी तसं सांगूनही टाकलं होतं, चार वर्षांपूर्वी. त्यानंतर ती कधी दुकानात आली नाही.

पोरगी म्हणाली, ‘भाऊ, हे एक्याण्णव कोण म्हणलं?’

‘कामून?’

‘हे एकोणनव्वद हाय. घडीवर आल्यामुळं आठाचं पोट पुसलंय. मागच्या बाजूला शिक्का बघा.’

मी चष्मा काढून पुसला आणि बघितलं. शिक्का एकोणनव्वदचाच होता. मी मागची बाजू कधी बघितलीच नव्हती, पुढच्या बाजूची झेरॉक्स मारून ठेवली होती.

ती त्या बाईला बोलवायला गेली. ती येईपर्यंत मी उरलेल्या दहा पावत्या बाहेर काढल्या आणि एकेक उलटी करून बघायला लागलो.